आम्ही सगळे घरात

या मायबाप, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो, जीव लावून ऐका.

एक सुतार सुट्टीत बायकोमुलांना घेऊन रानात तंबू ठोकून राहिला होता. पाऊस काही उघडेना. मुलं कंटाळून किरकिरायला लागली, तेव्हा त्यानं घरातलं रोजचं गाणं धरलं. तो विचारायचा, "कोण कोण घरात?" आणि मुलं ध्रुपद उचलायची, "आम्ही सगळे घरात!"

त्या दिवशीही त्यांनी उचललं. पण आवाज आला तो बाहेरून, झाडांतून.

"रान चिडवतंय बघ तुला," सुतार थोरलीला हसून म्हणाला. थोरलीचे ओठ हलले, आणि "बाबा, परत म्हणा ना!" हे शब्द ओढ्यापलीकडून आले.

धाकटा आईच्या मांडीवर टाळ्या पिटत खदखदून हसला. ते हसू धुक्यात कुठंतरी खाली उतरत गेलं. मुलांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"अहो," आई दोघांना कवटाळून म्हणाली, "लांब चाललेत हो यांचे आवाज. तुमचं ऐकून वळतील. थांबू नका."

सुतारानं पुन्हा विचारलं. ध्रुपद आलं, गोड, अगदी सुरात, मघापेक्षा दुरून. त्यानं सूर चढवला. समोर दोन्ही लेकरं डोळे मिटून, माना डोलवत, तोंड भरून गात होती, आणि तंबूत नुसता पाऊस ऐकू येत होता.

कधी पावसात गायला बसलात, तर त्या बापाची आठवण ठेवा. एक ओळ जास्त म्हणा. तो अजून थांबलेला नाही.