शेपटीचं पीस

"पाठ तांबूस तो रूफस हमिंगबर्ड, हिरवी तो ॲलन," काचेच्या पेटीतल्या दोन इवल्याशा पक्ष्यांकडे बोट दाखवत म्युझियममधला माणूस चक्क मराठीत म्हणाला. "पण माद्या ठेवल्या तर मीही चकतो. मग पक्षी हातात धरायचा आणि शेपटी उलगडून बघायची. रूफसच्या एका पिसाला टोकाशी खाच असते."

"बर्डला दुखत नाही?" होमवर्कच्या कागदावर लिहिता लिहिता उल्कानं विचारलं.

"कोण धरतंय त्याच्यावर आहे."

इंग्लंडात बेसिंगस्टोकला येऊन चार वर्षं झाली, पण असं अवचित मराठी उल्काच्या आईच्या, अनुराधाच्या कानावर पडलं नव्हतं. तिला कोण आनंद झाला! आपण मुंबईच्या, नवरा इथे हॉस्पिटलात डॉक्टर, सगळं सांगून झालं आणि पाच मिनिटांत आमंत्रणही देऊन झालं. "उद्या रविवार. जेवायला याच. पुरणपोळी करते."

मग तिनं त्याच्या कोटावरचा बिल्ला वाचला. रवी गायकवाड. माणूस सातासमुद्रापार आला तरी काही सवयी सामानाबरोबर येतातच.

"गायकवाड म्हणजे बडोद्याचे का?"

"नाही, जालन्याकडचे."

"जालन्यात कुठे? माझे मामा होते तिथे."

"गावाच्या जरा बाहेर."

"गणपती बसतो ना तुमच्याकडे?"

रवीनं हातातली किल्ल्यांची जुडी खिशात टाकली. "ताई, सांगूनच टाकतो. वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली. आम्ही बौद्ध."

"अय्या, मी आपलं सहज विचारलं हो! आमच्याकडे नाही असलं काही," अनुराधा घाईघाईनं म्हणाली. आणि त्याच दमात पुढे, "फक्त उद्याचं ना... आत्ता आठवलं, हे ऑन-कॉल आहेत. पुन्हा कधीतरी ठरवू."

घरात सासू नव्हती, शेजारीपाजारी बघणारं कुणी नव्हतं. तोंड तिचं तिचंच होतं.

"बट बाबा घरी आहे," कागदावरून मान वर न करता उल्का म्हणाली. "उद्या त्याचा डे ऑफ आहे. आई, तूच सांगितला."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं अनुराधाला झालं. गेल्याच एप्रिलमध्ये इथल्या मराठी मंडळात समतेवर तिनं भाषण केलं होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या. आता ती पर्सची चेन उघडझाक करत राहिली.

शेवटी रवीनंच तिला सोडवलं. "बरं झालं ताई. मलाही उद्या इथे ड्यूटी आहे. मीच नाही म्हणणार होतो." मग तो वाकून उल्काला म्हणाला, "लिहिलंस ना सगळं? मार्क मिळाले की येऊन सांग."

अनुराधा त्याच्याकडे न बघता दाराकडे निघाली. दाराच्या काचेवर पाटी होती. म्युझियम रविवारी बंद.

मागून उल्का उड्या मारत येत होती. दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची तिला सवय. अनुराधा पटकन वळली, पाटीला पाठ लावून उभी राहिली आणि मुलीला समोर ओढून तिच्या कोटाला हात घातला.

"थांब, बटणं लाव आधी. बाहेर थंडी आहे."

"लावलीत गं आई सगळी."

अनुराधानं ती एकेक करून काढली आणि पुन्हा लावू लागली.