इतिहासाच्या बाई

गणिताचे सर निवृत्त झाले आणि नववीचं गणित इतिहासाच्या बाईंच्या गळ्यात पडलं. सुरुवातीला त्या पुस्तकातलं गणित फळ्यावर जसंच्या तसं उतरवायच्या. वर्षभर दर शनिवारी त्या प्रशिक्षणाला गेल्या, घरी दहावीतल्या लेकीकडून बीजगणित पहिल्यापासून शिकल्या. शेवटी एकदा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, आज पहिल्यांदाच कळलं."

नव्या वर्षी गणितातले पदवीधर सर शाळेत रुजू झाले. बाईंना हायसं वाटलं. त्यांनी कपाटातून इतिहासाची पुस्तकं काढली आणि पदरानं धूळ पुसली.



"ती नव्या सरांना द्या, इतिहास तेच घेतील," मुख्याध्यापक म्हणाले. "गणिताचं प्रशिक्षण तुमचं झालंय, त्यांचं कुठे झालंय?"