चाकातलं कोणीतरी

आवाज तिसऱ्यांदा ऐकला तरी बाळकृष्णाला त्याचं नाव सांगता येईना.

हे विपरीतच होतं. ओमानमधल्या इब्रीच्या सनैयात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, त्याच्या कानाचा बोलबाला होता. बेअरिंग गेलं की चाक घुमतं. ब्रेकचे पॅड झिजले की किंचाळतं. वळताना कटकटलं तर जॉइंट गेला. गाडी फाटकातून आत येण्याआधीच हा पठ्ठ्या तिचं दुखणं सांगायचा आणि वर मिशीतल्या मिशीत हसायचा. आज शुक्रवार होता, गॅरेज बंद होतं. मागच्या खोलीत खाटेवर बसून तो फोन कानाशी धरत होता आणि हसू त्याच्या जवळपासही नव्हतं.

आवाज जाफरभाईंच्या गाडीचा होता. जाफरभाई दापोलीकडचे, इब्रीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. सकाळी बायको गुलबानू आणि सहा वर्षांची मुस्कान यांना घेऊन ते सूरला मेव्हण्याकडे निघाले होते. रस्ता चार-पाच तासांचा, बराचसा ओसाड. फोनला रेंज मिळेल तेव्हा मिळेल. त्यामुळे त्यांचे तीन व्हॉइस मेसेज एकदमच येऊन पडले होते.

पहिल्यात ते म्हणत होते, "बाळूभाय, मागच्या डाव्या चाकात कायतरी खळखळतंय. काल तर गाडी तुझ्याकडूनच नेली."

दुसऱ्यात आवाज उतरला होता. "थांबून बघितलं. टायर ठीक, हवा ठीक. पण काय सांगू, गाडी थांबल्यावरसुद्धा आतून दोनदा वाजलं." मागून मुस्कानचा बारीक आवाज आला, "अब्बू, समबडी इज इनसाइड. ही वॉन्ट्स टू कम आउट."

तिसऱ्यात कोणी बोलत नव्हतं. गुलबानूने फोन खिडकीबाहेर धरला असावा. गाडी रांगत होती. खळ. खळ. खळखळ. मध्ये काही वेळ गप्प, मग पुन्हा खळ. आणि त्याच्या आड गुलबानू पुटपुटत आयतुल कुर्सी म्हणत होती, संकट टळावं म्हणून म्हणतात ती.

बाळकृष्णाच्या अंगावर काटा आला. चाक फिरतं म्हणून वाजतं. फिरायचं थांबलं की त्याची बोलती बंद. थांबलेल्या चाकात वाजायला असतंच कोण?

"दगड अडकला असेल," ओवेस म्हणाला. तो दुसरा मेकॅनिक, खेडचा. जुम्म्याच्या नमाजासाठी कुर्त्याला इस्त्री करत होता.

"गाडी थांबल्यावर दगड बोलत नाही. ते चाक काल तूच चढवलंस ना?"

"चढवलं मी. आवळलं तू."

बाळकृष्णाने फोन खाली घेतला. "मी कुठे आवळलं?"

इस्त्री कुर्त्यावर तशीच राहिली.

दोघांमध्ये सहा वर्षांचा एक रिवाज होता. काम अर्धं असताना अजान झाली की ओवेस आपला पाना नटावर अडकवून मशिदीत जायचा. पाना चाकावर आहे म्हणजे काम बाकी आहे. कधी तो परत येऊन पुरं करायचा, कधी बाळकृष्णच आवळून टाकायचा आणि पाना फळीवर टांगायचा. त्यात कधी बोलायची गरज पडली नव्हती. काल असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या अजानला ओवेसने जाफरभाईंच्या चाकाचे पाचही नट हाताने फिरवून ठेवले, पाना अडकवला आणि गेला. तेवढ्यात एक टॅक्सीवाला घाईत आला. बाळकृष्णाने हाताशी होता तो, त्याच नटावरचा पाना उचलला, टॅक्सीचं चाक बदललं आणि पाना शहाण्यासारखा फळीवर टांगून ठेवला. ओवेस आला. पाना जागेवर, म्हणजे काम झालं. त्याने चाकावर चंदेरी प्लास्टिकची टोपी ठोकून बसवली आणि गाडी खाली घेतली.

आता नट एकेक करून सुटत होते आणि हळू फिरणाऱ्या त्या टोपीत पडून वाजत होते. गाडी थांबली की घरंगळून तळाशी बसत होते. बाहेरून टायर ठीक, हवा ठीक.

"या अल्ला," ओवेस म्हणाला.

बाळकृष्णाने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी मेसेज धाडला. "जाफरभाई, असाल तिथे थांबा. गाडी हलवू नका. चाकाचे नट सुटलेत." त्यापुढे एकच टिक उमटली आणि एकच राहिली.

तो स्वतःला समजावत होता, ओवेसलाही समजावत होता. घाबरलेत ना? बरंच आहे. गुलबानूभाभी काही त्यांना जोरात चालवू देणार नाहीत. अशा आवाजाला माणूस तीसच्या वर जातोय होय? तीसने चाक निखळलं तर गाडी रस्त्याला घासत जाईल आणि उभी राहील, खरचटण्यावर निभावेल. कधी नव्हे तो बाळकृष्ण एका बिघडलेल्या चाकाच्या आवाजासाठी देवाला विनवत होता. वाजू दे रे बाबा. त्यांना चांगलं घाबरवून ठेव.

ओवेसने इस्त्री उचलली तेव्हा कुर्त्यावर तिचा तपकिरी ठसा उठला होता.

फोन थरथरला. जाफरभाईंचा मेसेज होता. बाळकृष्णाने तो सगळ्यांत मोठ्या आवाजात लावला आणि श्वास रोखून खळखळ शोधू लागला. ती कुठेच नव्हती. इंजिन एकसुरी गुणगुणत होतं आणि जाफरभाई कितीतरी दिवसांनी हसावं तसे हसत होते.

"बाळूभाय, इलाज मला सापडला. ऐंशीच्या वर गेलं की आवाज एकदम खलास! आता एकशेवीसवर धरलीय. मुस्कानपण झोपली बघ."