हुंकार

आमच्या शाळेत शनिवारी सकाळी दोन भाषांतून गोष्ट होते. कोलूभाऊ ढोलावर थाप देत एक ओळ गोंडीत सांगतात, रुखमाबाई तीच मराठीत सांगतात, मग पोरं "हूं" म्हणतात. हुंकार आल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही.

माझी लेक दिव्यानी माझ्या मांडीवर होती. अडीच वर्षांची झाली, अजून बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, वाट पाहा. त्या दिवशी गोंडी ओळ संपताच, मराठीच्याही आधी, ती "हूं" म्हणाली. दर ओळीला म्हणाली.

"पाहा बाई, तुमच्या आधी पोरीले गोंडी समजून राह्यली!" रुखमाबाई हसल्या.

तेवढ्यात ढोल ढिला पडला. कोलूभाऊ तो उन्हात तापवायला उठले.

"भाऊ, अर्धी गोष्ट टाकून नोको जाऊ!" पोरं ओरडली.

"आलोच," म्हणत ते बाहेर गेले.

दिव्यानी मात्र कोपऱ्यातल्या रिकाम्या सतरंजीकडे पाहत, एकेका ओळीइतकी थांबून, हुंकार देतच राहिली.

"अवं, आता कोन सांगून राह्यलं तुले?" रुखमाबाईंनी विचारलं. पण त्या आता हसत नव्हत्या.

मी तिचं तोंड माझ्याकडे वळवलं. तिने मान पुन्हा तिकडेच फिरवली, जरा वेळ ऐकलं, आणि आयुष्यातला पहिला शब्द बोलली.

"येते."