कामावरच्या दोघी

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले. चमचा ओठांना लागून परत वाटीत गेला. निळा एप्रन घातलेली बाई पलंगाच्या कडेला बसून पुन्हा प्रयत्न करत होती. सून दारात उभी होती. तिच्याही अंगावर तसाच निळा एप्रन होता.

“तुम्ही निघा ताई, बस चुकेल,” बाई म्हणाली. “खातील त्या. भूक कुणाचं ऐकत नाही.”

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. “कुठं निघालीस?”

“कामाला.”

“मग इतकी वर्षं इथं काय करत होतीस?”

सुनेनं चपला पायात सरकवल्या आणि ती जिना उतरली.

नेमकं हेच तिनं मदत कार्यालयात सांगून पाहिलं होतं. नवरा गेल्यापासून घर सरकारी मदतीवर चालत होतं आणि सासूबाई सात वर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या. मग नियम बदलला. धडधाकट माणूस काम करत असेल तरच मदत. तिनं साहेबांना सगळं सांगितलं. दर तीन तासांनी कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, रात्री दोनदा उठायचं. “दिवसभर कामच करते मी, साहेब.”

साहेब वाईट नव्हता. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली. “ते घरचं झालं,” तो म्हणाला. “मी काम म्हणतोय.”

मग महिनाभर प्रशिक्षण. एक विशीतली मुलगी रबरी बाहुलीची कूस कशी बदलायची ते दाखवायची. माशाला पोहायला शिकवावं तसं. शेवटी प्रमाणपत्र मिळालं, एप्रन मिळाला, आणि दोन बस बदलून जायचं एका म्हाताऱ्याचं घर मिळालं. ती बाहेर असताना सासूबाईंकडे कार्यालयच दुसरी बाई पाठवणार होतं.

म्हातारा एकेकाळी घड्याळं दुरुस्त करायचा. त्याची लेक सकाळी लवकर कामाला जायची, किल्ली शेजारी ठेवून. सून पोचेपर्यंत तो एकटाच असायचा. तिनं वस्तरा हातात घेतला, की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. “दाढी माझी लेक करते. तुला नाही जमायची.”

तिसऱ्या आठवड्यात त्यानं उशीखालून फोटो काढून दाखवला. “ही बघ. हिचा हात बघ कसा आहे.”

सुनेनं फोटो पाहिला आणि ती स्टुलावर बसली. त्या बाईला ती रोज सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं आपल्याच घरी बघत होती.

संध्याकाळी घरी पोचताच तिनं विचारलं, “तुमचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे का हो?”

वाटी विसळणारे हात थांबले. मग दोघींना हसू फुटलं.

“दाढी करताना त्यांना जुन्या गिऱ्हाइकांना शिव्या घालू द्या,” लेक म्हणाली. “मग मान हलवत नाहीत.”

“ह्यांना चमचा चालत नाही. हातानं भरवा. आणि एक घास माझ्या नवऱ्याच्या नावानं द्या.”

दोघींनी मनापासून करून पाहिलं. म्हातारा म्हणाला, “तिची नक्कल करू नकोस.” सासूबाईंनी मुलाच्या नावाचा घास घेतला आणि तोंडात तसाच धरून त्या रडत राहिल्या. त्यांच्या हातातली बांगडी आता कोपरापर्यंत सरकत होती. त्याच आठवड्यात, लेक निघाल्यानंतर आणि सून पोचण्याआधी, म्हातारा पलंगावरून पडला. सुनेला तो फरशीवर थंडगार पडलेला सापडला. जिवंत होता, पण खुब्याचं हाड मोडलं होतं.

त्याला दवाखान्यातून आणल्यावर दोघी मिळून साहेबांकडे गेल्या. सुनेनं बोलायचं ठरलं होतं.

“साहेब, मी माझ्या सासूबाईंना बघते, ह्या ह्यांच्या वडिलांना बघतील. तास तेच, पगार तोच. मधल्या वेळेत कुणी एकटं राहणार नाही. तुमचं बसभाडंही वाचेल.”

साहेबानं दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवल्या. बराच वेळ वाचल्या. त्यालाही ते पटलं असावं, कारण त्यानं लगेच वरच्या साहेबांना फोन लावला. तो नुसता ‘हो’ आणि ‘बरोबर’ म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर त्यानं दोघींकडे पाहिलं नाही.

“आत्ता तुम्ही दोघी कामावर आहात,” तो म्हणाला. “आपापल्या घरी गेलात, की दोघी बेकार.”