वळणावरची गाडी

"आमच्या मरणाची वाट बघत बसणार का इथं?" आरोग्य खात्याची ॲम्ब्युलन्स मी घाटातल्या वळणावर उभी करायला लावली, त्या दिवशी टपरीवाल्या मावशी माझ्यावर तुटून पडल्या. सकाळी उठून या गाडीचं तोंड बघायचं, म्हणजे अपशकुनच. मी समजावलं, जागा मी नाही, कॉम्प्युटरने निवडलीय. जिल्ह्यातले सगळ्यात जास्त अपघात इथेच होतात.

वर्ष सरलं. लांबून ॲम्ब्युलन्स दिसली की ट्रकवालेसुद्धा आपोआप ब्रेक दाबू लागले. वळणावर एकही अपघात झाला नाही. मग त्याच कॉम्प्युटरने कळवलं, इथे गाडीची गरज उरलेली नाही, दुसरीकडे हलवा.

सांगायला मीच गेले. मावशींनी न मागता चहा पुढे ठेवला.

"गाडी दिसते म्हणून माणसं हळू येतात. एवढं कळत नाही होय तुमच्या कॉम्प्युटरला?"

"त्याला फक्त झालेले अपघात कळतात, मावशी."

"बरं. मग किती मेले की गाडी परत देईल तो?"

आकडा मला माहीत होता. कॉम्प्युटरला तो मीच दिला होता.