नवरंगाची शीळ

"आला का आवाज?" उत्तमरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

वैशालीनं मोबाइलमध्ये वेळ पाहिली. साडेसात. दहाला तिची सौंसरला ड्युटी होती आणि मोहगावच्या या जंगलात बाबांना घेऊन यायची ही सलग चौथी सकाळ.

मे संपता संपता दक्षिणेकडून नवरंग पक्षी इथं येतो. दिसायच्या आधी तो ऐकू येतो. आधी दोन सुरांची शीळ ऐकायची, मग पाचोळ्यात त्याला शोधायचं. जंगलखात्यात अख्खी नोकरी काढलेल्या उत्तमरावांना यंदा कान मंदावल्यामुळे ती शीळ ऐकू येईनाशी झाली होती.

आज नाही म्हटलं, तर उद्या पुन्हा यावं लागणार होतं.

"हो," ती म्हणाली. "आत्ताच बोलला."

"कोणत्या बाजूनं?"

तिनं उगाच खाली नाल्याकडच्या करंजाकडे बोट दाखवलं. एवढ्यानं ते समाधान मानतील आणि घरी परततील, असं तिला वाटलं होतं. पण ते उतरायला लागले. तिनं मागून हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही. कोरड्या नाल्यात पायाखालचा दगड निसटला आणि ते घसरत खाली गेले.

ती धावत पोचली तेव्हा कोपरातून रक्त येत होतं, घोटा मुरगळला होता. तिनं तोंड उघडताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पाखरू उडून जाईल.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून, पलीकडच्या काठावरून, दोन स्वच्छ सूर आले. थांबून पुन्हा तेच.

उत्तमराव तिचा चेहरा पाहत होते. "अजून बोलून राहिला का?"

"हो, बाबा."

ते करंजाकडे टक लावून बसले. वैशालीनं त्यांचे खांदे धरले आणि त्यांना हळूच दुसऱ्या काठाकडे वळवलं.

"जागा बदलली का त्यानं?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

बऱ्याच वेळानं सागाचा पाचोळा हलला. हिरवी पाठ, तोकडी शेपटी, पोटाखाली लालभडक. पानं उलटत तो चार उड्या पुढे आला आणि झुडपात शिरला. उत्तमरावांनी रोखलेला श्वास सोडला.

"तुह्या कानानं दिसला मले," ते म्हणाले. "लय हैरान केलं तुले चार दिवस."

वैशाली ओढणीनं त्यांच्या कोपरावरची माती पुसत होती. माती केव्हाच निघाली होती, तरी ती खाली मान घालून पुसत राहिली.